इंदुरात नोकरी लागलीय? आधी ऑफिस कुठल्या टोकाला ते विचारा

ऑफर लेटर हातात पडलं की मराठी घरात पहिला प्रश्न येतो, "इंदुरात आपलं कोण आहे?" आणि कोणी ना कोणी निघतंच. होळकरांची राजधानी राहिलेलं गाव. एखादी आत्या, आईची मावसबहीण, काकांचे व्याही, काहीतरी धागा सापडतो. माझी आत्या निघाली, राजेंद्रनगरात. मी नाशिकहून दोन बॅगा घेऊन तिच्याकडे उतरले, तिच्याच गल्लीत खोली घेतली, सात महिन्यांचं भाडं ठरवून टाकलं, आणि जॉइन व्हायच्या आदल्या दिवशी नकाशा उघडला. ऑफिस सुपर कॉरिडॉरला. राजेंद्रनगर शहराच्या नैर्ऋत्येला, सुपर कॉरिडॉर वायव्येला. मध्ये अन्नपूर्णा, गंगवाल, बडा गणपती, एरोड्रम रोड. सात महिने मी स्कूटीवर हे सगळे चौराहे पाठ केले. रात्री आत्याच्या हातची आमटी मिळायची हे खरं, पण ती जेवायला मी जागी असायला हवी ना.

तेव्हा पुढे जे काही लिहिलंय त्यातलं एवढं एक तरी ऐका: घर ऑफिसच्या दिशेनं शोधा, नातेवाइकांच्या दिशेनं नको. नातेवाईक रविवारी भेटतात.

पहिली पायरी: टोक ओळखा

पुण्यात हिंजवडी म्हटलं की आयटी कुठे ते कळतं. इंदुरात तसा एक पत्ता नाही. आयटीचे ढोबळमानाने तीन पुंजके आहेत, आणि एकातून दुसऱ्यात रोज जाणं म्हणजे शहर उभं-आडवं कापणं.

सुपर कॉरिडॉर हा विमानतळाच्या बाजूनं निघून उज्जैन रोडवरच्या लवकुश चौराह्यापर्यंत जाणारा प्रचंड रुंद रस्ता. टीसीएस आणि इन्फोसिस या दोघांचे मोठे कॅम्पस इथे. रस्ता आधी झाला, गाव मागून येतंय. त्यामुळे काचेच्या इमारतीच्या पलीकडे अजून काळ्या मातीचं शेत दिसतं. दिवसा छान वाटतं. रात्री नऊनंतर चहा शोधत फिरावं लागतं. इथे नोकरी असेल तर एरोड्रम रोड, कालानी नगर, गांधी नगर, छोटा बांगडदा या भागात पाहा. मनोरंजनाची, मॉलची, मित्रमंडळींची सवय सुटत नसेल तर विजयनगरला राहा आणि एमआर-१० या मोठ्या रस्त्यावरून ये-जा करा. लांब पडतं, पण रस्ता सरळ आहे आणि दाटीच्या जुन्या शहरातून जावं लागत नाही.

दुसरा पुंजका खंडवा रोडवर, क्रिस्टल आयटी पार्कच्या आसपास. त्या चौराह्याचं नावच आता आयटी पार्क चौराहा. जवळ भंवरकुआं, म्हणजे कोचिंग क्लास, होस्टेल, मेस आणि रात्री बारालाही उघडी झेरॉक्सची दुकानं. एकटे असाल आणि पगार नवा असेल तर इथे स्वस्तात भागतं, फक्त शांतता मागू नका. थोडी शांतता हवी तर विष्णुपुरी. आणि हो, माझ्या आत्याचं राजेंद्रनगर या पुंजक्याला चालतं. माझंच नशीब वाकडं होतं.

तिसरा विजयनगर आणि त्याच्या भोवतालच्या स्कीमा, म्हणजे नंबरांच्या वसाहती, शिवाय परदेशीपुऱ्यातलं जुनं इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स. छोट्या-मध्यम कंपन्या इथे मजल्या-मजल्यावर आहेत. बाहेरून आलेले लोक टीसीएस-इन्फोसिसचीच नावं घेतात. पण इम्पेटस, यश टेक्नॉलॉजीज, इन्फोबीन्स या कंपन्या इंदुरातच वाढल्या, आणि इथल्या मुलांना आधी त्यांनीच घराजवळ काम दिलं. अशा कंपन्यांची एकापेक्षा जास्त ऑफिसं असतात. तेव्हा एचआरला मेलवर विचारून घ्या: नेमकी कुठली इमारत, आणि प्रशिक्षणानंतर तीच का?

पिथमपूरला लागलेल्यांचं वेगळं. ते धार जिल्ह्यातलं, वाहनांच्या कारखान्यांचं गाव, आयटी तिथे फारशी नाही. नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी ट्रॅक तिकडेच. ती मंडळी राऊ किंवा राजेंद्रनगर धरतात. राऊच्या बाजूला आयआयएम, सिमरोलला आयआयटी. दोन्ही संस्था एकाच शहरात असल्याचं इंदूरकर तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत ऐकवेल, ऐकून घ्या.

पत्ते वाचायची किल्ली: "एबी रोड" म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड, नाशिकवरून येणारा आपलाच. "एमआर" ही शहराच्या आराखड्यातल्या मोठ्या रस्त्यांची नावं. "स्कीम नंबर ५४", "स्कीम ७८" या विकास प्राधिकरणानं पाडलेल्या वसाहती. आकड्यांचा भूगोलाशी काही संबंध नाही. ७४ आणि ७८ शेजारी सापडतील, पण १४० शोधायला वेगळ्याच दिशेला जावं लागेल. आणि "मल्टी" म्हणजे आपली बिल्डिंग, अपार्टमेंट. "मल्टी में रहते हो क्या?" असं कोणी विचारलं तर गोंधळू नका.

दुसरी पायरी: घर बघताना "नर्मदा" विचारा

मी पहिलं घर बघताना खिडक्या मोजल्या, वॉर्डरोब उघडून पाहिले. आत्यानं एकच विचारलं, "नर्मदा किती वेळ येते?"

इंदूर नर्मदेच्या काठी नाही. पाणी महेश्वर-मंडलेश्वर परिसरातल्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. पहिला टप्पा १९७८ मध्ये सुरू झाला, तोही लोकांनी त्यासाठी मोठं आंदोलन केल्यावर. म्हणून इथे नळाच्या पाण्याला "पाणी" कोणी म्हणत नाही, "नर्मदा" म्हणतात. "आज नर्मदा नहीं आई" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल, आणि बऱ्याच भागांत ती दिवसाआडच येते. दुसरं पाणी बोरिंगचं, जड, बादलीवर पांढरा थर सोडणारं.

घरमालकाला विचारायचं ते असं: नर्मदा आणि बोरिंग दोन्ही आहे का? नर्मदेची टाकी वेगळी की दोन्ही एकाच टाकीत? जमिनीखालची टाकी किती मोठी? मे महिन्यात बोरिंग आटतं का, आणि टँकर मागवला तर पैसे कोण देतं? शेवटचा प्रश्न मालकाला विचारून उपयोग नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. पिण्यासाठी फिल्टर लावाच, नर्मदा असली तरी.

बाकीचं थोडक्यात. दलाल किती घेणार ते घर दाखवायच्या आधी ठरवा. अनामत साधारण एक-दोन महिन्यांची. करार ११ महिन्यांचा असतो, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते, ज्याला इथे "किरायेदार सत्यापन" म्हणतात. मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही मागे लागा, कारण उद्या अडचण तुमचीच. नॉनव्हेज खाता का, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी येतो. खरं सांगा. माझ्या एका मैत्रिणीनं "नाही" म्हणून सांगितलं आणि पुढे सुकटीच्या डब्यावरून तिला घर सोडावं लागलं.

तिसरी पायरी: कचरा

हसू नका, या शहरात ही खरोखर पायरी आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग पहिलं येत राहिलं, आणि त्यानंतर सर्वेक्षणात "सुपर स्वच्छ लीग" असा वेगळाच गट आला, त्यातही ते आहे. हे नुसत्या झाडलोटीवर जमलेलं नाही. ते तुमच्या स्वयंपाकघरात जमतं.

सकाळी कचऱ्याची गाडी येते, गाणं वाजवत. सुरुवातीला ते गाणं डोक्यात जातं, महिन्याभरानं त्यावर चहाचं आधण ठेवता. गाडीत कप्पे वेगळे, आणि कचरा सहा प्रकारांत द्यायचा: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घरातला घातक आणि सॅनिटरी. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वेगळे. संपलेले सेल, फुटलेला बल्ब, जुनी औषधं घातक कचऱ्यात. ओल्यात प्लास्टिकची पिशवी सापडली की गाडीवरचा दादा ती सगळ्या गल्लीसमोर परत देतो. मला दिली आहे. पुन्हा मी ती चूक केली नाही.

सुरुवातीला दोन बादल्या आणि तीन कापडी पिशव्या घ्या, भागतं. गाडी चुकली म्हणून कोपऱ्यावर टाकू म्हणाल तर कोपऱ्यावर कचराकुंडीच नसते, काढून टाकल्यात. दुपारी ऑफिसला जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी संधान बांधावं. माझा कचऱ्याचा डबा वर्षभर समोरच्या शर्मा आंटींनी गाडीत दिला, बदल्यात दिवाळीला चकल्या.

हा ओला कचरा जातो देवगुराडियाला, तिथे रोज ५५० टन कचऱ्यातून गॅस बनवायचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. पण गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि मला ती फार आवडते. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरचा आराखडा केला. तेव्हा प्लेगचे दिवस होते. लोकांना घरं झाडायला लावण्यासाठी त्यांनी दिवाळीत मिरवणूकच काढली, त्यात प्लेगचा राक्षस आणि उंदीर. पुढच्या दशकात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या संस्थेत काडीकचरा आणि शेणापासून खत करायची जी पद्धत बसवली, ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. त्यामुळे बटाट्याची सालं हिरव्या बादलीत टाकताना आपण शंभर वर्षांच्या परंपरेत आहोत, असं मी स्वतःला सांगते. सकाळी सात वाजता तेवढा आधार लागतो.

चौथी पायरी: कागद

महाराष्ट्रातून आलेल्यांना सगळ्यात अनोळखी वाटतं ते "समग्र". मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक माणसाला नऊ आकडी समग्र आयडी असतो. एकटे असाल तर काही काळ त्याच्याशिवाय चालतं. मुलं शाळेत घालायची असतील किंवा राज्याच्या कुठल्याही योजनेचा विचार असेल, तर वॉर्ड कार्यालयात जाऊन आधी तेच काम करा.

गाडी एमएच नंबरची आणली असेल तर वर्षभर चालवा, १२ महिन्यांच्या वर राहणार असाल तर इथला एमपी-०९ घ्यायला लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र गावाकडूनच काढून आणा. इथे येऊन ते मागवत बसणं म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडून बोलणी. बदलीची नोकरी असेल आणि कंपनी पात्र असेल तर बीएच मालिकेच्या, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या नंबरची चौकशी करा.

रस्त्यावरचा दिवा, फुटलेली पाइपलाइन, मेलेलं कुत्रं यासाठी महापालिकेचं "३११" ॲप आहे, फोटो टाकला की काम होतं, निदान माझं झालंय. सरकारी खात्यांच्या बाकी तक्रारींना १८१.

पाचवी पायरी: ये-जा

स्कूटी घ्या. हा सल्ला मला आवडत नाही, पण खरा आहे.

जुने लेख वाचून "बीआरटीएसवर घर घ्या" असं कोणी सांगेल. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा साडेअकरा किलोमीटरचा बसमार्ग २०१३ पासून खरंच उपयोगी होता. २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो काढायला मोकळीक दिली आणि कठडे तोडायला सुरुवात झाली. मेट्रो आली आहे, ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी. पण पहिला तुकडा सुपर कॉरिडॉरवरच्या पाच स्थानकांचा, जेमतेम सहा किलोमीटरचा. स्थानकांना अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, दुर्गावती, अवंतीबाई, झलकारीबाई अशी नावं आहेत. नावं वाचायला जाऊन या. ऑफिसला जायचा मार्ग ती शहराच्या आत पोचली की मगच ठरवा.

रिक्षावाले मीटर टाकत नाहीत. ॲपवरचा भाव बघून त्यांच्याशी बोला, मधला आकडा निघतो. सिटी बस मुख्य रस्त्यांवर बऱ्या आहेत.

सहावी पायरी: बोलणं

रस्त्यावर हिंदी, आणि तीही इंदुरी. "भैया"चा "भिया" होतो, "रहा है"चं "रिया है". पानवाला तुम्हाला "पेलवान" म्हणाला तर तब्येतीवर टोमणा समजू नका, ते प्रेमाचं संबोधन आहे. ऑफिसात इंग्रजी, मग हिंदी.

आपल्याला अडतं ते सारख्या शब्दांवर. बँकेतल्या बाईंनी मला विचारलं, "आपको कोई आपत्ति तो नहीं?" मी म्हटलं, नाही, घरी सगळे बरे आहेत. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. "शिक्षा कहाँ हुई?" म्हणजे कॉलेज कुठलं, तुरुंग कुठला असं नाही.

मराठीही ऐकू येते, पण कान द्यावे लागतात. इथली मराठी माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी आलेली. आत्याचे शेजारी "काय करून राहिलीस?" असं विचारतात, नागपूरसारखं. ही मराठी चुकीची आहे असं पहिल्या भेटीत बोलू नका. राज्य गेलं, शाळा हिंदी झाल्या, तरी घरात त्यांनी ती टिकवली. आपण पुण्या-मुंबईत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही मराठी लिहायचा कंटाळा करतो.

मराठी माणूस कुठे भेटेल

वस्तीचं म्हणाल तर राजेंद्रनगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर. लोकमान्य नगरला रेल्वेचं छोटं स्थानकही आहे. पण घरांपेक्षा कार्यक्रमांत माणसं लवकर भेटतात. "सानंद" ही संस्था महाराष्ट्रातून मराठी नाटकं बोलावते, खंडवा रोडवरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या सभागृहात. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहा, तीन ओळखी होतात आणि एखादं स्थळही येतं. महाराष्ट्र साहित्य सभा ही जुनी संस्था, तिथे वयस्कर मंडळी जास्त. पण लता मंगेशकर १९२९ मध्ये इथेच जन्मल्या, चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथलेच, अरुण दाते इथलेच, या गप्पा ऐकायच्या तर तिथेच जायला हवं. ज्या सरवटे बसस्थानकावर तुम्ही उतराल, ते ज्यांच्या नावाचं ते विनायक सीताराम सरवटेही इंदूरचे मराठीच, संविधान सभेचे सदस्य.

सणांत धुळवड साधी, खरी धमाल रंगपंचमीला. राजवाड्यापाशी "गेर", म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरमधून आणि मोठ्या पंपांनी रंग उडतो, इंदुरात स्थानिक सुट्टी असते. टीम लीड दुसऱ्या शहरातला असेल तर त्याला हे आधी कळवा. मोबाइल घरी ठेवा. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, पण हुकुमचंद मिल, मालवा मिल या नावांनी झांकी अजून निघते आणि माणसं पहाटेपर्यंत फुटपाथवर जागा धरून बसतात.

खाणं

इथे मी जास्त लिहिणार होते, पण तुम्ही ते स्वतःच शोधाल. चार गोष्टी फक्त.

पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात बडीशेप, वर शेव, डाळिंब आणि जिरावण हा मसाला. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना करू नका, दोघांचं गोत्र वेगळं. बरोबर जिलबी घ्यायची, नंतर नाही, बरोबरच.

शिकंजी मागवाल आणि लिंबूपाणी येईल असं वाटेल. येतं ते घट्ट दुधाचं, सुक्या मेव्याचं. उपासाला चालतं, तहानेला नाही.

सराफा बाजारात सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याची दुकानं लागतात. साडेनऊच्या आधी गेलात तर दागिनेच बघावे लागतील. भुट्ट्याचा कीस, आणि हिवाळ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर लिंबू आणि तोच मसाला. शनिवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते, मंगळवार-बुधवार उत्तम. छप्पन दुकान या खाऊगल्लीत संध्याकाळीच उरकतं, पालक आले की त्यांना तिथे न्या.

गावी जायचं तर

मुंबईला अवंतिका एक्स्प्रेस, रात्रीतून मुंबई सेंट्रल. पुण्याला इंदूर-पुणे गाडी आहे, पण ती रतलाम, वडोदरा, वसई असा गुजरातचा फेरा मारून जाते. नाशिक, धुळ्याच्या लोकांना गाडीचा उपयोग नाही, त्यांनी बसच धरावी: मानपूरचा घाट, सेंधवा, बिजासन, मग धुळे. इंदूर-मनमाड ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. माझे वडील त्यावर रोज एक बातमी पाठवतात. तोवर बस. दिवाळीची तिकिटं दसऱ्याच्या आधी काढा, आणि खिडकी डावीकडची मिळाली तर घ्या, पहाटे धुळ्याच्या पुढे सूर्य त्याच बाजूला उगवतो.

घरी नेताना लवंगी शेव पाव किलोच्या चार पुड्यांत घ्या, एक किलोची एक नको. वाटपात भांडणं होतात. जिरावण दोन पिशव्यांत बांधा. मी एकदा एकाच पिशवीत नेलं होतं, अजून त्या बॅगेतल्या लॅपटॉपच्या चार्जरला हिंगाचा वास येतो.